बापाच्या नावाची चिठ्ठी

आमचे सर पुरुषांना पाळी विचारायचे. हे वाक्य मी आजवर अनेकांना सांगितलं आणि प्रत्येक जण आधी हसलाच. हसू द्या. मीही हसायचे. मला तर त्यामागचं कारण पुरतं ठाऊक होतं, तरी हसायचे, कारण ते कारण आठवत गप्प उभं राहणं त्याहून अवघड होतं.

दवाखाना पैठण गेटजवळच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली चाचांचं मेडिकल, शेजारी बॅगा दुरुस्त करणारा. जिना इतका चिंचोळा की उतरणाऱ्या पेशंटला वाट द्यायला चढणाऱ्यानं भिंतीला पाठ लावायची. सर फिजिशियन. ताप, शुगर, बीपी, दमा, फिट, सगळं. मी एमबीबीएस होऊन, पीजीच्या परीक्षेत आपटून त्यांच्याकडे असिस्टंट म्हणून लागले, ती तीन वर्षं राहिले. पुढे पीजीला गेल्यावरही सुट्टी मिळाली की तिथंच जायचे. घरी बसून करायचं काय?

अशाच एका सुट्टीत वाळूजच्या कारखान्यातला एक सुपरवायझर आला. मिशा पिळदार, तक्रार पित्ताची. सरांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, चिठ्ठी लिहायला घेतली आणि मध्येच थांबून विचारलं, "औषध कुणासाठी?"

"माझ्यासाठीच की."

"नक्की? घरी नेऊन दुसऱ्या कुणाला देणार नाही?"

"पोट माझं दुखतंय, साहेब."

"बायको आहे ना घरी? तिची पाळी कधी आली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी फळीवरच्या फायली नीट करायला लागले. "ते मला काय ठाऊक?" तो म्हणाला.

"मग फोन लावा."

आणि लावला हो त्यानं. सरांपुढे नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हाताचा आडोसा धरून तो काहीतरी पुटपुटला, आणि पलीकडून आलेलं उत्तर बाकावरच्या सगळ्या पेशंटांनी ऐकलं. "सकाळी सकाळी पिऊन बसलात काय हो?"

बाकावर हशा पिकला. सर हसले नाहीत. तारीख कळेपर्यंत त्यांनी चिठ्ठी हातातून सोडली नाही.

खाली चाचांनी डोक्याला हात लावला. "क्या डाक्टरसाब, अब मर्दोंकू बी पूछने लगे? कल मेरेकू पूछेंगे आप."

"चाचा, तुमच्या दुकानातली गोळी कुणाच्या पोटात जाते, सांगता येतं तुम्हाला?"

"मेरेकू कैसा मालूम होना?"

"मलाही नाही येत. म्हणून विचारतो. तुम्ही आपलं गप बसा."

"मैं तो बैठाच हूं. आप बैठो तो सही," चाचा म्हणाले.

ते मात्र खरं होतं. सर बसत नसत. टेबलामागे त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर बहुधा औषध कंपन्यांच्या डायऱ्या बसलेल्या असायच्या. सर पेशंटभोवती फिरत. नाडी एका बाजूनं बघायची, मग टेबलाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं. बोलता बोलता खिडकीशी जाऊन स्कूटर जागेवर आहे का पाहायचं, परत यायचं, वाक्य तिथून पुढे. चहा तीन ठिकाणी अर्धा अर्धा सापडायचा. क्रांती चौकातला सिग्नल लाल असला की हे स्कूटरवरून उतरून शेजारी उभे राहत. सही करायला कुणी थांबवलेलं त्यांना खपत नसे, म्हणून सकाळी आल्याआल्या सात-आठ कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ते पॅड माझ्या पुढ्यात टाकत. "तू लिही. मला पकडून ठेवू नकोस." कोऱ्या कागदावर सही करू नये हे शाळेतल्या पोरालाही कळतं. आमच्या दवाखान्यात तो रोजचा रिवाज होता आणि मला त्यात फार मान वाटायचा. सरांची सही माझ्या हातात!

सरांचा दुसरा नाद लग्नपत्रिकांचा. तपासायच्या टेबलामागची सगळी भिंत पत्रिकांनी भरलेली. नवीन माणसाला वाटायचं, डॉक्टर फार माणूसवेडा आहे. तसं काही नव्हतं. त्या लग्नांना ते कधीच जात नसत, अहेरही पाठवत नसत. ज्या मुलींना फिटचं औषध चालू होतं, त्यांच्या पत्रिका होत्या त्या. "लग्न ठरलं की पहिली पत्रिका मला. देवाला दुसरी," हे ते प्रत्येक बापाला दटावून सांगत. पत्रिका आली की त्यावरची तारीख बघायची, लगेच मुलीला बोलवायचं, औषध बदलायचं, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचं.

कारण साधं होतं. फिटवरचं एक औषध, व्हॅलप्रोएट, गुणाचं आहे, पण पोटातल्या बाळाच्या पाठीच्या कण्यावर घाला घालू शकतं. "कणा तयार होतो पहिल्या महिन्यात," सर मला सांगायचे, अर्थात चालता चालता. "तेव्हा आईलाही पत्ता नसतो. आपल्याकडं तर तिसऱ्या महिन्यात चोरओटी, तीही दार लोटून. डॉक्टरपर्यंत बातमी येते चौथ्यात. तोवर पोरगी गोळ्या खातच असते. तेव्हा मी तारखेच्या आधी गाठणार. पत्रिकेवर."

"पण सर, मुलीलाच सांगून टाकायचं ना," मी एकदा म्हटलं होतं.

"सांगितलं की घाबरतात आणि गोळ्याच सोडतात. मग विहिरीवर फिट येते. सांगायचं नाही. आपण लक्ष ठेवायचं."

मला ते पटलं होतं. खोटं कशाला बोलू, फार थोर वाटलं होतं.

एक बाबा दर तीन महिन्यांनी यायचे. वैजापूर रस्त्याकडच्या एका गावचे. घरची मेंढरं विकून वाळूजला एका गोदामावर रखवालदारी करत होते, पण खांद्यावरची घोंगडी सुटली नव्हती. उन्हाळ्यातसुद्धा. त्यांच्या मुलीला फिट यायच्या. पहिल्यांदा तिला घेऊन आले तेव्हा तपासून झाल्यावर त्यांनी तिला बाहेर बसवलं आणि सरांपुढे हात जोडले.

"साहेब, चिठ्ठी माझ्या नावानं द्या."

"फिट तिला येते का तुम्हाला?"

"तिलाच येती. पण आमच्याकडचा मेडिकलवाला भावकीतला हाय. पोरीचं नाव फेफऱ्याच्या गोळीवर दिसलं तर उद्या सोयरीक कोण करंल? लई वंगाळ हाय आमच्याकडं ते. मला येतंय म्हना. माझं काय आता, म्हातारा मानूस."

सर तडकले. दवाखाना खोटं लिहिण्यासाठी नाही, म्हणाले. तीनदा खिडकीशी जाऊन आले. बाबा हात जोडून तसेच उभे. शेवटी सरांनी पेन उचललं आणि बाबांचं नाव, वय लिहून खाली मुलीचं औषध लिहिलं. "पण लक्षात ठेवा. लग्न ठरलं की पत्रिका आधी मला. काय?"

"व्हय साहेब. पयली तुमाला."

त्यानंतर मुलगी आली नाही. बाबाच येत, गोळ्या नेत. चिठ्ठीवर पंचावन्न वर्षांचा पुरुष, पोटात जात होत्या त्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या. हे सरांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. कागदाला माहीत नव्हतं.

आता पुढचं सांगायचं. मघापासून दोनदा उठून गॅलरीत जाऊन आले.

सर त्या दिवशी परभणीला भाच्याच्या लग्नाला गेले होते. बाबा आले. हातात पेढ्यांचा पुडा. "घ्या ताई. पोरीचं हात पिवळं झालं."

"अरे वा! कधी? पत्रिका नाही आणली?"

"पत्रिका कुठली हो. पाव्हणं साखरपुड्याला आले गंगापूरहून, आन् बसल्या बैठकीला ठरलं, लग्नच उरकून टाकू. त्याच मांडवात अक्षता पडल्या. छापायला येळच कुठं व्हता?"

साखरपुड्यातच लग्न. आमच्या भागात हे काही नवं नाही. दोन्हीकडचा खर्च वाचतो, माणसं खूश. मी पेढा तोंडात टाकला. बाबा म्हणाले, तेच औषध द्या, पोरगी सासरी बरी आहे, गोळ्या शेवयांच्या डब्यात लपवून खाते. मी सरांच्या सहीची चिठ्ठी ओढली आणि बाबांच्या नावावर तेच औषध लिहिलं. तीन महिन्यांचं. सर आले की सांगू, असं मनात म्हटलं. बाहेर बाकावर पंधरा माणसं होती. सर दोन दिवसांनी आले, आणि मी विसरले.

विसरले. यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडलेलं नाही. पुढल्या खेपेला बाबा आलेच नाहीत. गोदामाची नोकरी सुटली होती, आणि जुनी चिठ्ठी दाखवली की गावचा मेडिकलवाला गोळ्या देतच होता.

नोटीस आली ती दोनेक वर्षांनी. रजिस्टर पोस्टानं. सरांनी ती चालता चालता वाचली आणि भिंतीपाशी थांबले. मुलीला मुलगा झाला होता. पाठीच्या कण्याचा दोष, जन्मल्या जन्मल्या ऑपरेशन, पाय अधू. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, गरोदरपणात कसल्या गोळ्या चालू होत्या? मुलगी रडायला लागली. नवऱ्यानं घर धुंडाळलं आणि शेवयांच्या डब्यातून पाकिटं निघाली. दोघांनी मिळून ग्राहक मंचात तक्रार केली होती.  नोटिशीतल्या चिठ्ठीच्या तारखेवर बोट ठेवून सरांनी विचारलं, "परभणीच्या वेळचं ना हे?" मी मान हलवली. पेढ्याचं सांगितलं. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं. बोलले नाहीत. नुसते येरझाऱ्या घालत राहिले.

सरांनी विमा काढलेला होता, त्या कंपनीचे वकील आले. सरळ, हुशार गृहस्थ, माझं त्यांच्याशी काही भांडण नाही. त्यांनी कागद पाहिले आणि त्यांचा चेहराच खुलला.

"डॉक्टरसाहेब, बाई कागदावर नाहीतच! पंचावन्न वर्षांच्या पुरुषाला तुम्ही औषध लिहिलंत. त्यानं ते मुलीला खाऊ घातलं तर तुम्ही काय करणार? एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. काही शाबीत होत नाही."

"आणि त्या बाबांचं काय?"

"ते त्यांचं ते बघतील."

ते काय बघणार होते! जावयाचं म्हणणं आम्हाला चाचांकडून कळलं होतं. तो दुकानात येऊन विचारून गेला होता. "डॉक्टरला माहीत व्हतं का नव्हतं, एवढंच मला कळू द्या." माहीत नव्हतं असं ठरलं, तर सासऱ्यानं चोरून लेकीला गोळ्या चारल्या आणि पोराची ही गत केली, एवढंच उरत होतं. सासूनं तर आधीच सुनेची पेटी दारात आणून ठेवली होती. सर गप्प बसले असते तर त्यांचं नाव वाचलं असतं, विमा वाचला असता, आणि ती मुलगी अधू पोराला घेऊन बापाच्या झोपडीत परत गेली असती. इतकं सरळ होतं ते.

"मला माहीत होतं," सर म्हणाले.

"हे मी ऐकलं नाही," वकील म्हणाले. "तुम्ही कबुली दिलीत तर कंपनी एक पैसा देणार नाही. मेडिकल कौन्सिलपुढेही जाईल. आणि एक मिनिट." त्यांनी चिठ्ठीवरची तारीख परत पाहिली. "या तारखेला तुम्ही परभणीला होता म्हणालात ना? मग हे अक्षर कुणाचं?"

खोलीत तिघंच होतो. वकील माझ्याकडे बघायला लागले.  त्याच आठवड्यात पीजीचा निकाल लागला होता. मेडिसिन, शहरातच. तिसऱ्या खेपेला मिळालेलं.

"माझं," मी म्हणाले. "सर, मी सांगते तिथं."

म्हणाले खरी, पण इतक्या हळू म्हणाले की नाही म्हणायला सरांना अडचण पडू नये.

"सही कुणाची आहे?" सर वकिलांना म्हणाले. "कोऱ्या कागदावर सही मी दिली. खोटं नाव मी लिहायला सुरुवात केली. मुलीला धोका सांगायचा नाही हे मी ठरवलं. हिनं काय केलं? मी घालून दिलेलं पुढं चालवलं." मग माझ्याकडे वळून, "तू जा. बाहेर पेशंट आहेत."

मी गेले. जिना उतरून खाली आले आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. चाचांनी पाण्याची बाटली पुढे केली, तीही मी गटागटा प्यायले.

सुनावणीला मी रजा काढून गेले, मागच्या बाकावर बसले. पुढे ती मुलगी, मांडीवर पोरगं, बाजूला नवरा. बाबा दारापाशी उभे, खांद्यावर घोंगडी. सरांनी शपथपत्रात सगळं लिहून दिलं होतं. विमा कंपनीच्या वकिलांनी अंग काढून घेतलं होतं, त्यामुळे सर एकटेच उभे होते. अध्यक्षांनी विचारलं, "चिठ्ठीवर नाव पुरुषाचं आहे. रुग्ण कोण होतं?"

"मुलगी. मला माहीत होतं."

"लग्नाच्या वयाच्या मुलीला हे औषध लिहिताना गरोदरपणातला धोका तिला सांगितला होता?"

"नाही."

"का?"

"पत्रिका येईल म्हणून वाट पाहत होतो."

अध्यक्षांना काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. सरांनी तेच सांगितलं. त्या अर्ध्या तासात सर एकदाही हलले नाहीत. तीन वर्षांत मी त्यांना एका जागी इतका वेळ उभं पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवेना. उठून सांगावं, अक्षर माझं आहे, असं वाटत होतं. बाक हातानं घट्ट धरून मी बसून राहिले.

निकाल विरुद्ध गेला. सेवेत त्रुटी धरली, भरपाई लावली, ती सरांनी भरली. कशी, ते मी विचारलं नाही. स्कूटर तेवढी राहिली. शहरातल्या डॉक्टरमंडळींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. काही जण मात्र येऊन तावातावानं बोलून गेले. हातात सुटका असताना कबुली देऊन तुम्ही सगळ्यांना गोत्यात आणलंत, उद्या प्रत्येक बाळंतीण कोर्टात जाईल. सर म्हणाले, "जाऊ द्या ना. औषध लिहिणं जसं काम आहे, तसं सांगणंही काम आहे. मी अर्धंच करत होतो."

निकालानंतर महिन्याभरानं जावई दवाखान्यात आला. मी नेमकी होते. दार धरून उभा राहिला. तिशीच्या आतला, उसाच्या ट्रॅक्टरवर काम करणारा पोरगा. आता हा अंगावर धावून जातो की काय, अशी मला धास्ती. त्यानं आवाजही चढवला नाही.

"तुमी आधी सांगायचं व्हतं," तो म्हणाला.

"हो," सर म्हणाले.

"फिट येती म्हून मी तिला टाकली नसती, साहेब. तुमी, तिच्या बापानं, समद्यांनी मिळून ठरवलं की मी टाकीन. मला काहून नाय विचारलं कुनी?"

 त्यानं भिंतीवरच्या पत्रिका बघितल्या आणि तो निघून गेला. बायकोला त्यानं नांदवलं, हेही सांगायला हवं. पेटी त्यानंच दारातून उचलून आत नेली, असं बाबा सांगत. दुसऱ्या दिवशी सरांनी भिंतीवरच्या सगळ्या पत्रिका काढून टाकल्या. चुना निघाला, भिंत डागाडागांची दिसायला लागली. तिला त्यांनी रंग दिला नाही.

कौन्सिलनं काही महिने परवाना थांबवला. दुसरा असता तर तीर्थयात्रेला गेला असता. हे रोज नेमानं यायचे आणि चाचांच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, "औषध कुणासाठी? ती स्वतः का नाही आली? तिला दिवस गेलेत का, विचारलं का?" चाचा कावले. "डाक्टरसाब, गिराइक भाग रे मेरे." पण हाकलून दिलं नाही. उलट काही दिवसांनी चाचा स्वतःच विचारायला लागले, आणि लाजून अर्धवट विचारायचे, "वो... घर में... खुशखबर तो नै ना?"

परवाना परत मिळाल्यावर सरांनी गुलमंडीतून रबरी शिक्का करून आणला. पाळीची तारीख, धोका सांगितला, कुणाला सांगितला. प्रत्येक चिठ्ठीवर तो उठायचा. पुरुषाच्या, सत्तरीतल्या आजीच्या, कुणाच्याही. एका आजीनं तर काठीच उगारली होती. कोऱ्या कागदावर सही त्यांनी पुन्हा केली नाही. आणि त्या मुलाला, पाय अधू झालेल्या त्या पोराला, ते दर महिन्याला बघत. तपासायला ते बालरोगतज्ज्ञ नव्हतेच. पायांना आधाराचे पट्टे नीट बसलेत का, पायाला घासतात का, एवढं बघायचे. त्याच्यासाठी खाली बसायचे. फरशीवर, मांडी घालून.

माझ्याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. एकदाच, मी एमडी होऊन पेढे घेऊन गेले तेव्हा. पेढ्याकडे बघून मला रडू फुटलं. सर म्हणाले, "पेढा खायला हरकत नाही. खाता खाता विचारायचं."

सर गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा मुलगा परदेशात. दवाखाना त्यानं मला चालवायला दिला. चाचांच्या गल्ल्यावर आता त्यांचा मुलगा बसतो. खुर्चीवरच्या डायऱ्या काढून मी तिथं बसते, पण फार वेळ बसवत नाही. उठून फिरते. पेशंट चाचांच्या मुलाला म्हणतात, नवी बाईपण तसलीच आहे.

गेल्या महिन्यात तीन बायका आल्या. पुढे वयस्क सासू, मागे एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी, आणि तिचा दंड धरून ती, बाबांची लेक. मी ओळखलं. शेवटची पाहिली ती बारा वर्षांपूर्वी सुनावणीत, पाठमोरी, तरी ओळखलं. तिनं मला ओळखलं की नाही, कळेना. तिच्या नणंदेच्या मुलीला फिट यायला लागल्या होत्या. आई नसलेली पोर, आजीजवळ वाढलेली. मी तपासलं, विचारलं, औषध लिहायला चिठ्ठी ओढली. तेव्हा सासू पुढे सरकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "बाई, चिठ्ठी माझ्या नावानं द्या. पोरीचं यंदा करायचंय."

मी चिठ्ठीवरून पेन उचललं.

"आत्याबाई, नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, काही विशेष नसल्यासारखं, "ताई, तवाचा पेढा तुमीच खाल्ला व्हता ना?"

"हो. मीच," मी म्हणाले.

"दादांनी, माज्या बापानं, सांगितलं व्हतं मला. चिठ्ठी ताईनं लिवली म्हून. पन सरांनी त्यांच्याकडून शपथ घेतली व्हती, तुमचं नाव कुठं यायला नको. दादा गेले तरी बोलले नाय कुनाला. म्या बी नाय बोलले."

बारा वर्षं. बारा वर्षं मी समजत होते की हे सरांनी आणि मीच पोटात ठेवलंय, बाबांना कुणी विचारलंच नसेल. ज्यांनी ठेवायचं काही कारण नव्हतं, त्यांनीही ठेवलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "फार चुकलं."

"व्हय," ती म्हणाली. "चुकलंच." तिनं ते पुसून टाकलं नाही, वाढवलंही नाही. पोरीला खांद्याला धरून पुढे केलं. "पोरगं माझं सातवीत हाय. पट्टे लावून जातंय शाळेत. आता हिचं नाव लिवा. हिचंच. आन् काय सांगायचं ते हिला सांगा, आमाला नको."

सासू तोंड फिरवून बसली, पण उठली नाही. मी मुलीला नाव विचारलं. तिनं आधी आजीकडे बघितलं, मग मामीकडे, मग सांगितलं. मी ते पूर्ण लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. वेगळं औषध लिहिलं आणि का वेगळं ते तिला समजावलं, तिच्याच डोळ्यांत बघून. शिक्का उठवला. मग विचारलं, शेवटची पाळी कधी आली. पेन खाली ठेवलं आणि तिचं बोटांवर मोजून होईपर्यंत खुर्चीतून उठले नाही.